चार गुणांचा फायब्रोब्लास्ट

हसू नका. शनिवारच्या चाचणीचे पेपर तपासून आणलेत, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. संयोजी ऊतीत तंतू तयार करणारी पेशी कोणती? सगळ्यांनी फायब्रोब्लास्टवर खूण केलीय. दात जबड्याच्या हाडातल्या खोबणीत बसलेला असतो, त्या मांडणीला काय म्हणतात? थेकोडॉन्ट. तेही सगळ्यांचं बरोबर. चार अधिक चार, आठ गुण. घरी फोन करून कळवा, पोरगं हुशार झालं म्हणून.

आज मराठीत बोलणार आहे. शिकवताना इंग्रजी-हिंदीची खिचडी चालते, पण भोपाळमधल्या नीटच्या या बॅचमधले तुम्ही पांढुर्ण्याचे, सौंसरचे, मुलताईचे, बुऱ्हाणपूरचे. घरात मराठी ऐकत वाढलात. बोलणी घरच्या भाषेत खाल्लेली बरी, नीट लागतात.

मुलताईवाल्या, उभा राहा. मंगळवारी संध्याकाळी विद्यापीठाजवळच्या मैदानात काय झालं ते मी सांगू की तू सांगतोस? राहू दे, मीच सांगते. तुझा मावसभाऊ, वय वर्षं नऊ, विकेटकीपिंग करत होता. चेंडू तोंडावर बसला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. दुधाचा नव्हे, कायमचा. तू दात शोधलास, उचललास. इथवर ठीक. मग घरी नेऊन नळाखाली धरलास, ब्रशला पेस्ट लावलीस आणि मूळ घासून पांढरं शुभ्र केलंस. टिश्यू पेपरात गुंडाळलंस. काका भेलच्या कारखान्यातून ड्यूटी संपवून येईपर्यंत वाट पाहिलीस. रात्री आठ वाजता डॉक्टरांसमोर पुडी उघडलीस आणि वर ऐटीत म्हणालास, "बिलकुल साफ करून आणलाय."

काय साफ केलंस, ठाऊक आहे? मुळाला चिकटलेला तो लालसर, ओलसर, पातळ थर तुला घाण वाटला. त्याच थरात त्या दिवशी तुझे चार गुण जिवंत होते. शनिवारच्या पेपरात ज्याला खूण केलीस तोच फायब्रोब्लास्ट मंगळवारी तुझ्या बोटांत होता, आणि तू त्याला टूथपेस्ट लावून खरवडून काढलंस. पुस्तकात ओळखतोस आणि हातात आल्यावर ओळखत नाहीस, तर काय करायचंय तुझ्या खुणेला?

बस. आता बाकीच्यांनी उत्तर द्या. दात आणि हाड यांच्यामध्ये काय असतं?

पाहा. एक हात वर नाही. थेकोडॉन्ट पाठ आहे, पण खोबणीत दात नेमका कशानं धरलाय, हा प्रश्न एकालाही पडला नाही. हाडाला थेट चिकटलाय का? नाही. मध्ये फट आहे, ०.१५ ते ०.३८ मिलिमीटर रुंदीची. त्या फटीत पेरिओडॉन्टल लिगामेंट असतं. कोलॅजनच्या असंख्य दोऱ्यांनी दात खोबणीत पाळण्यासारखा टांगलेला आहे. दोऱ्यांची एक टोकं मुळावरच्या सिमेंटममध्ये रुतलेली, दुसरी जबड्याच्या हाडात. रुतलेल्या त्या टोकांना शार्पे तंतू म्हणतात, विल्यम शार्पे या स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावावरून. भाजलेला हरभरा दाताखाली फोडता तेव्हा तो दाब आधी या दोऱ्या घेतात आणि मग हाडाला देतात. दाताखाली खडा आला की क्षणात कळतं, तेही याच फटीतल्या मज्जातंतूंमुळे.

या दोऱ्या विणणारी पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. लिगामेंटमध्ये सर्वांत जास्त संख्या तिचीच. पुस्तकात एका कंसात लिहिलंय, तंतू तयार करते आणि स्रवते. तुम्ही तो कंस पाठ केलात आणि पान उलटलंत. ती निम्मीच गोष्ट झाली. ही पेशी जुने तंतू खातेही. झिजलेला, निकामी झालेला कोलॅजन तोडून आत घेते, पचवते आणि त्या जागी नवा घालते. आणि हे काम शरीरातल्या कितीतरी ठिकाणांपेक्षा इथे फार वेगानं चालतं. कातडीतला कोलॅजन निवांत पडून राहतो. दाताभोवतीचा सतत मोडतो आणि सतत नवा होतो. वर्गात दोघींच्या दातांना तारा लावल्या आहेत ना? तो दात सरकतो कसा, विचारलंत कधी ऑर्थोडॉन्टिस्टला? तारेचा ताण आधी या पेशींना जाणवतो. एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि लिगामेंट दोन्हीकडे जागा बदलत पुन्हा विणलं जातं. ज्या दाताभोवतीचं लिगामेंटच मेलं, हाड मुळाला थेट चिकटलं, तो दात कितीही महागडी तार लावा, तसूभर हलत नाही.

आता परत मंगळवारकडे. दात उपटून पडतो तेव्हा लिगामेंट मधोमध फाटतं. निम्म्या पेशी खोबणीत राहतात, निम्म्या मुळावर. दात लगेच जागेवर बसवला तर दोन्हीकडच्या पेशी फट पुन्हा विणून काढतात. पण मुळावरच्या पेशींना ओल हवी. कोरड्या हवेत मिनिटागणिक त्या मरतात. पहिल्या पंधरा मिनिटांत बसवला तर उत्तम. तासभर कोरडा राहिला की त्या संपल्या असंच धरून चालतात. तुझ्या टिश्यू पेपरात तीन तास गेले, आणि त्याआधी ब्रश फिरलाच होता. डॉक्टरांनी दात बसवला, शेजारच्या दातांना बांधूनही ठेवला, पण त्यांनी मावशीला काय सांगितलं ते ऐकलंस ना? पेशी नाहीत म्हटल्यावर हाड येऊन मुळाला चिकटेल, मग हळूहळू मूळच खाऊन टाकेल. जबडा वाढत जाईल आणि हा एक दात वरच अडकून राहील. नऊ वर्षांच्या पोराचा पुढचा दात आहे तो.

कुणीतरी मागून कुजबुजलं, "पाण्यात ठेवायला हवा होता." कोण ते? तू? परासरण कोणत्या पाठात झालं? तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात टाकली की काय होतं? फुगते आणि फुटते. मग मुळावरची पेशी काय वेगळी आहे? हायपोटॉनिक द्रावणाची आकृती सुंदर काढता, रंगीत पेन्सिलींनी, आणि गरज पडली की दात पाण्याच्या पेल्यात टाकायला निघता.

दुधात ठेवायचा. थंड, साध्या दुधात. दुधाची तीव्रता पेशींना मानवते, म्हणून त्या काही तास तग धरतात. इथे बाग सेवनियाच्या कोणत्याही कोपऱ्यावर उभे राहा, सांची दुधाची पिशवी दोन मिनिटांत मिळते. दात धरायचा तो दिसणाऱ्या भागाला, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधात हलकेच विसळायचा, घासायचा नाही. पोरगं शुद्धीवर असेल, ऐकत असेल, तर तिथल्या तिथे खोबणीत सरळ बसवायचा, स्वच्छ रुमाल चावायला द्यायचा आणि दंतवैद्याकडे पळायचं. जमत नसेल तर दुधात टाकून पळायचं. मात्र दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही, खालून येणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते. एम्स इथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या कॉलेजात जागा मिळावी म्हणून तुमच्या आईबापांनी इथे खोली घेऊन दिली, त्याच्या भिंतीला लागून राहता आणि दात खिशात घालून काकांची वाट पाहता!

आता बुऱ्हाणपूर. मान खाली घालू नकोस, खालीही मीच दिसेन. परवा मैत्रिणीला सांगत होतीस ते माझ्या कानावर आलं. "हिरड्यांतून रक्त येतंय, म्हणून ब्रश करणंच सोडलं. बोटानं नुसती पेस्ट फिरवते." आणि ते ऐकून घरमालकीणबाईंनी सल्ला दिला की दात साफ करून घेऊ नकोस, त्यानं दात हलायला लागतात. दोघींनी मिळून वैद्यकशास्त्र पूर्ण केलं.

डेन्मार्कमधल्या आऱ्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १२ निरोगी माणसं घेतली, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, म्हणजे तुमच्यापेक्षा वयानं थोडेच मोठे. त्यांना सांगितलं, दात घासू नका. कुणाच्या हिरड्या १० दिवसांत सुजल्या, कुणाला २१ दिवस लागले. पण सुटला एकही नाही. मग पुन्हा घासायला लावलं, आणि आठवडाभरात हिरड्या ठिकाणावर आल्या. रक्त कशानं येतं हे त्या १२ जणांनी आपल्या तोंडात दाखवून दिलं. दात न घासल्यानं सूज येते, सुजेनं रक्त येतं. तू रक्त आलं म्हणून घासणं थांबवलंस. म्हणजे जे कारण, त्यालाच औषध केलंस.

आत काय होतं ते ऐक, कारण तुझी सुटका गुळण्यांनी होणार नाही. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर साचतो. शरीर त्यांच्यावर पांढऱ्या पेशी पाठवतं. त्या पेशी रासायनिक हाकाट्या करतात आणि त्या हाका हिरडीतल्या फायब्रोब्लास्टच्या कानी पडतात. मग जी पेशी विणत होती तीच उसवायला लागते. कोलॅजनचा तंतू तोडणारी विकरं सोडते. या कोलॅजनेजचा शोध जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ साली लावला तो कुठे, तर बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. टॅडपोलची शेपूट कशी नाहीशी होते, हे तुम्हाला "मेटामॉर्फोसिस" या एका शब्दावर पटलं होतं. त्या दोघांना पटलं नाही, म्हणून त्यांनी शेपटीचे तुकडे कोलॅजनच्या थरावर ठेवून पाहिले आणि थर विरघळताना दिसला. तशाच जातीची विकरं सुजलेल्या हिरडीत काम करतात. पेज आणि श्रोडर यांनी १९७६ साली हिरडीच्या आजाराचे टप्पे मांडले. त्यात सुरुवातीच्याच टप्प्यात, सुजलेल्या त्या इवल्याशा जागेतला ६० ते ७० टक्के कोलॅजन गेलेला असतो. दुखत नाही. फक्त ब्रशवर गुलाबी फेस दिसतो, आणि तोही तू पाहायचा बंद केलास.

इथवर सगळं परत येतं. मुकाट्यानं घासलं, कीट काढून घेतलं की हिरडी भरते. हिरडीतला फायब्रोब्लास्ट मोठा तत्पर आहे, तोंडातली जखम कातडीपेक्षा लवकर आणि जवळपास वण न ठेवता भरते ती त्याच्यामुळेच. पण सूज खाली लिगामेंटपर्यंत उतरली, हाड झिजायला लागलं, की गेलेलं सहसा पूर्ण परत येत नाही. मग दात हलतात. घरमालकीणबाईंना सांग, साफ केल्यानं दात हलत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं, आणि कीट त्या मोकळ्या जागेत बसून दाताला टेकू दिल्याचं सोंग करत असतं. सोंग काढलं की खरं दिसतं. मऊ ब्रश घे, हिरडीच्या रेषेवर तिरका टेकव, सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटं. पहिले काही दिवस रक्त येईल. येऊ दे. दोन आठवड्यांनीही थांबलं नाही तर दंतवैद्याकडे जायचं, घरमालकीणबाईंकडे नाही.

आणि विद्यापीठाच्या फाटकाबाहेर जे दोघे चहाबरोबर सिगारेट ओढतात, त्यांनी फार खूश व्हायचं नाही की आमच्या हिरड्यांतून रक्त येत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत सुजेची ती खूणच दबते. आजार पुढे जात राहतो आणि माणूस आरशात पाहून समाधानी असतो.

खाण्याबद्दल मी फार बोलणार नाही. खोल्यांमधला तुमचा स्वयंपाक मी पाहिलाय. कोलॅजनची तिपेडी रचना कुणी मांडली? मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी, १९५४ साली. हे उत्तर तुम्हाला येतं. पण ती तिपेडी दोरी पक्की व्हायला तिच्यातल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट चढावा लागतो, आणि ते काम करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर फायब्रोब्लास्ट सूत काढतो, पण ते कच्चं. म्हणून जहाजावरचा डॉक्टर जेम्स लिंड याच्या काळातल्या खलाशांच्या हिरड्या सडायच्या आणि दात गळायचे. जिथे कोलॅजन सर्वांत वेगानं बदलतो तिथेच तुटवडा लवकर जाणवणार ना? १७४७ साली लिंडनं १२ आजारी खलाशांपैकी दोघांना संत्री आणि लिंबं दिली, ते दोघे सर्वांत आधी उठले. तुम्हाला स्कर्व्ही झालेला नाही, उगाच घरी फोन करून रडू नका. पण पांढुर्णा आणि सौंसर म्हणजे संत्र्याचा मुलूख. बापाच्या बागेत झाडं लगडलेली, आणि पोरगं इथे नूडल्सच्या पाकिटावर महिना काढतंय. घरून पेटी येते ती घरमालकांना देऊन टाकता, सोलायचा कंटाळा म्हणून. लाज वाटू द्या थोडी.

आता शेवटचं, आणि यावर मी घाई करणार नाही. दार लावा.

डेस्कच्या कप्प्यांत मला रिकाम्या पुड्या सापडल्या. मीठी सुपारी, पान मसाला. "मॅडम, रात्री जागायला लागते जी. तंबाखू नाही त्याच्यात. फक्त सुपारी." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. या शहराला सुपारीचं कौतुक आहेच. भोपाळच्या जरीच्या बटव्यात सुपारी-वेलची ठेवून पाहुण्यांपुढे धरायची जुनी रीत, लग्नात आजही बटवे वाटतात. माझं त्याच्याशी भांडण नाही. भांडण रोज रात्री गालात धरून ठेवलेल्या पुडीशी आहे.

मध्य प्रदेशानं १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. देशातलं पहिलं राज्य. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटिन घालायला मनाई होती, त्याचा आधार घेतला. मग काय झालं? पुड्या दोन झाल्या. एकीत पान मसाला, दुसरीत तंबाखू, आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर. तुम्ही त्यातली एकच पुडी घेता म्हणून स्वतःला सज्जन समजता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू घातलेलं पान तर घातलंच, पण बिनतंबाखूचं पान आणि नुसती सुपारी हीदेखील माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. नुसती सुपारी. पुन्हा सांगू?

सुपारीतला ॲरेकोलिन गालाच्या अस्तराखालच्या फायब्रोब्लास्टला हाकत राहतो, आणखी कोलॅजन घाल, आणखी घाल. सुपारीत तांबंही भरपूर असतं. तंतू एकमेकांना सांधणारं विकर त्यानं जोरात चालतं. सुपारीतली टॅनिनं त्या तंतूंना असं पक्कं करतात की तोडणाऱ्या विकरांचं काही चालत नाही. आणि जुने तंतू खाण्याची पेशीची ताकद कमी होते. घालणं वाढलं, काढणं थांबलं. मगाशी सांगितलं ते आठवा, बुऱ्हाणपूरच्या हिरडीत विणणारी पेशी उसवत होती; इथे ती विणायची थांबतच नाही. गालाचं मऊ अस्तर पांढरटतं, आत ताठ पट्टे उभे राहतात, तोंड उघडेनासं होतं. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांत असा आजार नोंदवला. हो, बायकांत; मुलींनी इकडे तिकडे बघू नये. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांवरून त्याला सबम्यूकस फायब्रोसिस असं नाव दिलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातल्या मूर्ती, भोसले आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या एर्नाकुलममध्ये ६६ रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली. १९८५ साली निष्कर्ष छापला: ७.६ टक्के रुग्णांत कर्करोग झाला. ६६ पैकी पाच. या वर्गात किती जण बसलाय ते तुम्हीच मोजा.

पहिली खूण कुठली? तिखट झोंबायला लागतं. पोहे-जिलबी खाताना पोह्यातल्या मिरचीनं डोळ्यांत पाणी येतं, जे आधी येत नव्हतं. तेव्हा तुम्ही काय करता? तिखट सोडता. पुडी सोडत नाही.

घरच्यांचंही एक सांगून टाकते, कारण डॉक्टर होणार म्हणून गावाकडे सगळे तुम्हालाच विचारतात. आजी मशेरी लावत असेल तर तिला ओरडायचं नाही, पण तिच्या हिरड्या नि गाल कुठल्या तरी जाणत्या डॉक्टरला दाखवायचे. वडिलांना मधुमेह असेल तर हिरड्या आणि साखर दोन्ही बाजूंनी एकमेकांना बिघडवतात; दंतवैद्याला साखर सांगायची आणि साखरेच्या डॉक्टरला हिरड्या. आईच्या हिरड्या अकारण वाढून दातांवर चढत असतील तर औषधांची चिठ्ठी पाहा. रक्तदाबाचं ॲम्लोडिपिन, मिरगीचं फेनिटॉइन, प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, काही जणांत यांच्यामुळेही हिरडी अशी वाढते, आणि तिथेही फायब्रोब्लास्टचाच हिशेब चुकलेला असतो. पण अर्धवट शहाणपणानं गोळी बंद करायला सांगितलीत, तर याद राखा. गोळी बदलायची की नाही ते ज्यानं दिली तो डॉक्टर ठरवेल, नीटची दुसरी बारी देणारा पोरगा नाही.

आता सगळ्यांनी उजवा हात वर करा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तीन बोटं एकावर एक उभी जोडा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घाला. लाजायचं काय त्यात? उद्या पेशंटला हेच करायला सांगणार आहात. तोंड पूर्ण उघडा. जबरदस्ती करू नका, आपसूक जायला हवीत.

जातात? मुलताई, ठीक. बुऱ्हाणपूर, ठीक. तुम्ही दोघी तारावाल्या, ठीक. मागची रांग, ठीक आहे.

सौंसर. पुन्हा कर. तिसरं बोट का बाहेर?

हसतंय कोण? एकानं जरी दात काढले तर या बॅचला पुन्हा माझ्या वर्गात पाय ठेवता येणार नाही. तुझं तोंड लहान आहे, असं म्हणालास? बारावीच्या सहलीचा फोटो माझ्याकडे आहे, अख्खी कचोरी एका घासात घातली होतीस. तिखट कधीपासून झोंबतं? गप्प बसू नकोस, मी उत्तर मागतेय. दिवाळीपासून. आणि पुड्या? रोज किती? खरं बोल. हं.

ऐक. घाबरवत नाहीये. ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, हे त्याच आकड्यात लिहिलंय, गणित तुला येतं. आणि अजून हा आजार आहे असंही मी ठरवलेलं नाही. ते ठरवणारी माणसं पलीकडे बसतात. पण झालेले पट्टे आपोआप विरघळत नाहीत. आज थांबलास तर ते बहुधा आहे तिथे थांबतील, तोंडाचे व्यायाम, इंजेक्शनं, जे काय डॉक्टर सांगतील त्यानं थोडं मोकळंही होईल, आणि नंतरही तपासणीला जात राहावं लागेल. उद्यापासून म्हणशील तर उद्या हे दुसरं बोटही अडकेल. खिशातली पुडी इथे टेबलावर ठेव. दुसऱ्या खिशातलीही. बॅगेतली पण.

उद्या सकाळी नऊच्या आत तू एम्सच्या दंतविभागाच्या रांगेत असशील. तुझ्याबरोबर मुलताईवाला जाईल, त्यालाही तिथे उभं राहून बघायला मिळेल की ज्या पेशीला तो ब्रश लावतो तिच्यासाठी किती माणसं खोळंबलेली असतात. ओपीडीचा कागद दुपारी मला दाखवायचा. दाखवला नाहीस तर मी स्वतः तुला घेऊन जाईन, आणि तेव्हा रांगेत हळू आवाजात बोलणार नाही.

बाकीचे उठा. बाहेर व्हा. दप्तरं घ्या, पोर्चमध्ये घोळका करू नका. सौंसर, तू थांब. वडिलांचा नंबर लाव. आत्ता, माझ्यासमोर. ते बागेत असतील तर वाजू दे, उचलतील. आधी तू बोल, कारण तुझ्या तोंडून ऐकलं तर ते कमी घाबरतील, मग फोन माझ्याकडे दे.